घरजावई

आंबोलीच्या रानात पाऊस ओसरला की दोन झाडांमध्ये सोनेरी जाळी ताणलेली दिसते. मधोमध खाली डोकं करून कोळीणबाई! इंग्रजीत 'जायंट वूड स्पायडर', शास्त्रात नेफिला पिलिपेस. पाय पसरले तर माझा पंजा झाकेल. (अंदाज लांबूनच घेतला.)

"नवरा कुठाय हिचा?" आमच्या हिचा पहिला प्रश्न.

होता की! वरच्या कोपऱ्यात, तांबूस, जेमतेम पाच-सहा मिलिमीटर. स्वतःचं जाळं नाही, बायकोच्या ताटातलं चोरून खायचं. जवळ जायचं ते शक्यतो ती जेवत असताना. एरवी तिचं जेवण तोच व्हायचा.

हिच्या मादागास्करच्या बहिणींच्या रेशमाचं वस्त्र २००९ साली न्यूयॉर्कच्या संग्रहालयात मांडलं होतं. त्यासाठी दहा लाखांवर कोळिणी लागल्या. नवऱ्यांची चौकशीही कुणी केली नाही.

एवढ्यात आमच्यातल्या एका उत्साही गृहस्थांनी वाट मोकळी करायला काठी उगारली. ही आडवी आली.

"भाऊसाहेब, संसार आहे तो! खालून वाकून जा."

भाऊसाहेब वाकले. मीही वाकलो, मला सवय आहे. वरच्या कोपऱ्यातला मात्र जागचा हलला नाही. बाईंचं जेवण अजून सुरू व्हायचं होतं.