बेटांकडे जाणारा रस्ता

स्कॉटलंडच्या पश्चिम भागात फोर्ट विल्यम नावाचे एक छोटे शहर आहे. तेथून मॅलेग बंदरापर्यंतची वाट सुमारे ७० किलोमीटरांची. ‘बेटांकडे जाणारा रस्ता’ या नावाने ती प्रसिद्ध आहे. आम्ही मोटारीने निघालो तो सकाळपासूनच पाऊस लागलेला. अटलांटिक महासागरावरून येणारे ओले वारे येथल्या डोंगरांना अडतात आणि आपले ओझे तेथेच रिते करतात. परंतु हा पाऊस आपल्या आषाढासारखा कोसळत नाही. धुक्याच्या आडून बारीक उतरतो आणि तासन्‌तास हलत नाही.

पहिला मुक्काम ग्लेनफिनन. शील सरोवराच्या काठी १८१५ साली उभारलेला एक दगडी स्तंभ आहे. राजपुत्र चार्ल्स स्टुअर्ट याने १९ ऑगस्ट १७४५ रोजी आपल्या घराण्याचे गेलेले राज्य परत मिळविण्यासाठी येथेच निशाण उभारले. पण स्तंभावरचा पुतळा त्याचा नव्हे. तो आहे एका अनामिक डोंगरी शिपायाचा. पुढच्याच एप्रिलात कलोडनच्या रणात हे बंड चिरडले गेले. राजपुत्र ज्या खाडीत उतरला होता, तिच्यातूनच सप्टेंबर १७४६ मध्ये फ्रान्सला निघून गेला. मागे राहिलेल्या प्रजेने मात्र त्याची शिक्षा भोगली.

जवळच १९०१ साली खुला झालेला एकवीस कमानींचा रेल्वेपूल आहे. प्रवाशांची गर्दी तिकडे. आम्ही मात्र १८७३ सालच्या पवित्र मरीया व संत फिनन यांच्या चर्चकडे वळलो. या चर्चची घंटा मनोऱ्यात नाही. ती बाहेर जमिनीलगतच टांगलेली आहे आणि पावसात निथळत असते.

१५६० साली स्कॉटलंडच्या संसदेने मिस्सा करण्यास बंदी घातली. तरीही या दुर्गम डोंगरांत कॅथॉलिक श्रद्धा टिकून राहिली. पुढे लागणारे मोरार सरोवर ३१० मीटर खोल, म्हणजे ब्रिटनमध्ये सर्वांत खोल. त्यातील एका बेटावर १७१४ साली बिशप जेम्स गॉर्डन यांनी भावी धर्मगुरूंसाठी शाळा काढली. १७१५ च्या बंडानंतर ती बंद पडली. पण धर्मगुरू घडविण्याचे काम दुसऱ्या खोऱ्यात पुन्हा सुरू झाले.

मोरारच्या किनाऱ्यावरील वाळू पांढरी शुभ्र आहे. पावसातही ती उजळ दिसते. सभोवार माणूस नाही. प्रवासी या एकांताची वाखाणणी करतात. पण वाचकहो, हा एकांत सारा निसर्गाने दिलेला नाही. १७७२ साली ग्लेनअलाडेलच्या जमीनदाराने येथील व शेजारच्या बेटांवरील कॅथॉलिक कुटुंबे जहाजाने कॅनडात नेली. साउथ यूस्ट बेटावर तर जमीनदार कुळांवर धर्म सोडण्याची सक्ती करीत होता. पुढल्या शतकात मेंढ्यांच्या कुरणांसाठी या डोंगराळ मुलखातील अनेक कुळांना घरांतून काढण्यात आले. अशा गावांच्या छप्पर नसलेल्या दगडी भिंती आजही उभ्या दिसतात. आत चुलीच्या जागी गवत वाढलेले असते.

गेलेल्यांनी कॅनडात शेते पिकवली, चर्चे बांधली आणि गेलिक भाषेतच मुलांना प्रार्थना शिकविल्या. राहिलेल्यांनी ग्लेनफिननची ती घंटा टांगली.

संध्याकाळी मॅलेगला पोहोचलो. धक्क्यावर मासेमारीच्या नौका भिजत उभ्या होत्या. स्काय बेटाकडे जाणारी बोट सुटावयाची होती, आणि पाऊस अजून पडतच होता.