पाण्यावरची बैठक

भाच्याचा फोन आला तेव्हा मी माळवदावर होतो आणि माझ्या दोन्ही हातांत ओल्या वाकळेचं एक टोक होतं. दुसरं टोक बायकोच्या हातात. पिळा अर्ध्यावर आलेला, पाण्याची धार पायांवर. पितृपक्ष संपत आला होता, घटस्थापना चार दिवसांवर. आमच्या भालकीत काय, औराद-कमलनगरात काय, किंवा पलीकडे उदगीर-देवणीत काय, या दिवसांत घरोघरी एकच काम असतं : धुणं. रोजचं नव्हे, वर्षाचं. अंथरूण-पांघरूण म्हणून घरात जे जे असेल ते पाण्यातून काढायचं आणि मगच घट बसवायचे.

"मामा, बोटीच्या गाद्या हिवाळाभर कशा ठेवायच्या?"

भाचा मिनेसोटात असतो. त्या राज्यात दहा एकरांहून मोठी ११,८४२ तळी आहेत. आमच्या बिदर जिल्ह्यात सांगण्यासारखं पाणी म्हणजे मांजरा आणि ब्याळहळ्ळीचं कारंजा धरण. मांजरा बीडच्या डोंगरात उगम पावते आणि आमच्याकडे येईपर्यंत निम्मी दमलेली असते. समुद्र कुठल्याही बाजूनं शेकडो किलोमीटर. अशा मुलखातल्या माणसाला बोटीचं विचारणं म्हणजे वारकऱ्याला मटणाचा मसाला विचारणं. पण तो विचारत होता ते बोटीचं नव्हतंच मुळी, गाद्यांचं होतं. आणि गाद्यांच्या बाबतीत आमचं घराणं जुनं.

व्हिडिओवर त्यानं बोट दाखवली. त्याला पाँटून म्हणतात. खाली ॲल्युमिनियमचे दोन लांबोळके पोकळ नळे, त्यावर सपाट तक्तपोशी, आणि तिच्यावर तिन्ही बाजूंनी रेक्झिनच्या गुबगुबीत बैठका. पाण्यावरचा दिवाणखानाच. जुनी घेतलेली, हप्त्यानं. उन्हाळ्याचे चार महिने तळ्यात हिंडवायची, नंतर तळं गोठतं, इतकं की लोक त्यावर मोटारी घालतात. त्याआधी बोट बाहेर काढून सहा महिने झाकून ठेवायची. गेल्या वर्षी त्यानं ती प्लास्टिकमध्ये घट्ट बांधली होती. वसंतात उघडली तर शिवणींच्या कडेनं काळी बुरशी, आणि एका बैठकीच्या पोटात उंदराचं बिऱ्हाड. आतला स्पंज कुरतडून त्यांनी पिलांसाठी मऊ गादी केलेली. गादीतून गादी.

आई बाजेवर बसून ऐकत होती. फोन तिच्याकडे दिला. तिनं डोळे बारीक करून पडद्याकडे पाहिलं.

"ही होडी हाय का पलंग रं?"

"होडीच आहे आजी."

"मग वल्ली झाकली असशील. वाळू दे आन् मग झाक."

एवढं बोलून तिनं फोन परत दिला. तिच्या दृष्टीनं विषय संपला होता.

तिच्या या वाक्याची किंमत मला ठाऊक आहे, कारण मी ती मोजलेली आहे. चार वर्षांमागं आईचे गुडघे गेले आणि घराची आवराआवर माझ्याकडे आली. मी शिकलेला माणूस. घडवंचीवर उघड्या पडलेल्या वाकळी मला गबाळ्या वाटायच्या. श्रावणात मी त्या सहाही वाकळी जाड प्लास्टिकच्या पिशव्यांत कोंबल्या, वर सुतळीची गाठ, आणि सगळं लोखंडी पेटीत. डांबरगोळ्याही टाकल्या, मूठभर. घटाआधीच्या धुण्यालाही पेटी उघडली नाही. दिवाळीला थंडी पडली. बिदर पठारावर आहे, समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरच्या वर. इथली थंडी कर्नाटकात नाव घेण्यासारखी. पेटी उघडली आणि जो वास आला तो अजून नाकात आहे. ओल्या मातीचा नव्हे, अडगळीतल्या शिळ्या पाण्याचा. प्लास्टिकला आतून घाम आलेला. पाच वाकळींवर मोहरीएवढे काळे ठिपके, ते पुढं उकळत्या सोड्याच्या पाण्यानंही गेले नाहीत. सहावी हातात घेतली आणि घडीवर फाटली.

ती सहावी आजीची होती. वाकळीला कन्नडात कौदी म्हणतात, आणि आमच्या घरात दोन्ही शब्द चालतात. शिवणारी बाई शेजारच्या गल्लीतली असली की कौदी, घरातली असली की वाकळ. आजीच्या वाकळीचा वरचा पदर इरकली लुगड्याचा होता, विटून जांभळ्याचं राखी झालेलं. आत आजोबांची धोतरं, सात की आठ थर, कुणी मोजले नव्हते. चार कोपऱ्यांना खणाचे चार तुकडे त्रिकोणी दुमडून लावलेले, आणि बाहेरून आत चौकोनात फिरत गेलेला धावदोरा. टाका इतका जवळ की दोन टाक्यांत तांदळाचा दाणा आडवा बसू नये. एका ठिकाणी दोऱ्याचा रंग बदलला होता. पांढरा संपला म्हणून लाल घेतलेला. तो लाल दोरा वीतभरच होता. लहानपणी तापात पडलो की मी तो बोटानं चाचपत असे. जाळताना आई काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

मी चुकलो कुठं, हे शोधायला मला थोडा वेळ लागला, कारण आमच्याकडे कोंडून ठेवण्याची विद्याही फार जुनी आहे. ज्वारीचं पेव. जमिनीत माणसाहून खोल खड्डा, आत कडब्याचं अस्तर, ज्वारी भरली की वर कडबा, माती, आणि तोंड बंद. कलबुर्गीकडे त्यालाच हगेवु म्हणतात. आतली हवा दाणाच संपवतो, किड्याला श्वास उरत नाही, आणि ज्वारी वर्षानुवर्षं टिकते. म्हणून तर पेव उघडलं की लगेच उतरायचं नसतं. तोंड उघडं ठेवून हवा खेळू द्यायची, दिवा सोडून बघायचा, विझला तर थांबायचं. मग ज्वारीला जे मानवतं ते वाकळीला का मानवू नये? उत्तर साधं आहे. पेवात जाणारी ज्वारी उन्हात खडखडीत झालेली असते, दाताखाली टक्कन फुटेल अशी. माझ्या वाकळी श्रावणातल्या होत्या. हाताला कोरड्या लागत होत्या, पण कापूस हवेतली ओल पिऊन बसतो आणि सांगत नाही. मी ती ओल प्लास्टिकमध्ये कैद केली, रात्री पेटी गार पडली की तिचं पाणी झालं, आणि बुरशीला याहून काही लागत नाही.

डांबरगोळ्यांचा इथं काही संबंधच नव्हता. त्या कसरीसाठी. कसर लोकर खाते, सुताच्या वाकळीकडे ढुंकून बघत नाही. घोंगडीचं दुखणं वेगळं आणि वाकळीचं वेगळं. मी एकाचं औषध दुसऱ्याला दिलं. आई घोंगडीच्या घडीत लिंबाचा वाळला पाला आणि वेखंडाचे तुकडे ठेवते, आणि महिन्यातून एकदा ती उलगडून झटकते. माझा संशय असा की पाल्यापेक्षा झटकणंच जास्त कामाचं. कसरीची अळी अंधारात, घडीच्या आत, कुणी हलवत नाही तिथं वाढते. उंदीर मात्र लिंबाला भीत नाही, वेखंडाला नाही आणि मांजरालाही फारसा नाही.

कोकणातले कोळी हे सगळं आपल्याआधी शिकलेले आहेत. किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या वेळी होड्या वर ओढून त्यांना झापांनी शाकारतात. माडाच्या पात्यांचा विणलेला झाप पाऊस खाली ओघळवतो आणि वारा आत सोडतो. आणि आमचा मुलूख अगदीच होडीविना होता असंही नाही. भीमा-कृष्णेवर बांबूच्या टोपल्यांसारख्या गोल नावा चालायच्या. कन्नडात पुट्टी किंवा हरिगोलु. सतराव्या शतकात ताव्हर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या दक्खनच्या नद्या अशाच टोपल्यांतून ओलांडत होता. बाहेरून बैलाचं कातडं मढवलेलं असे, तळाशी काटक्यांच्या मोळ्या टाकत आणि त्यांवर सतरंज्या अंथरून मग सामान ठेवत, भिजू नये म्हणून, असं त्यानं लिहून ठेवलं आहे. नावेतली बैठक भुईला टेकू द्यायची नाही, खालून हवा राहू द्यायची, ही युक्ती निदान तेवढी जुनी. पुढं कातडं गेलं, प्लास्टिक आणि डांबर आलं. कातडं ओलं राहिलं की कुजतं, फार वाळलं की तडकतं. प्लास्टिकला ही कटकट नाही, म्हणून त्याच्याशी कुणी लाडानं वागत नाही.

भाच्याला मी रात्री पुन्हा फोन केला आणि आईच्या चार शब्दांचा विस्तार करून सांगितला. सुटतील तेवढ्या बैठका सोडव आणि घरात ने. बोट सहा महिने एकटी राहील, गाद्यांनी का राहावं? रेक्झिन साबणाच्या कोमट पाण्यानं पूस. बुरशी रेक्झिनपेक्षा त्यावर राहिलेलं अंगाचं तेल, उन्हाचं मलम आणि पोरांनी सांडलेलं सरबत खाते. मग दोन दिवस वाळव. शिवणीतून स्पंजात गेलेलं पाणी वरून पुसून जात नाही. ठेवताना बैठका एकमेकींवर रचू नको, पुस्तकांसारख्या कडेवर उभ्या कर, मध्ये बोटभर फट. बोटीवर कापडी आच्छादन घाल, प्लास्टिकच घालायचं तर त्याला वारा जायला झरोके ठेव. डांबरगोळ्या नको, स्पंजात तो वास पुढचे दोन उन्हाळे बसेल. आणि बोटीत खाण्याचा कण ठेवू नको. शेंगदाण्याचं एक टरफलही नाही.

"सोफ्याखाली बाकरवडीचं पाकीट आहे," तो म्हणाला. उंदीर का आले ते तेव्हा कळलं.

तिकडचा बर्फ एप्रिलमध्ये फुटला. त्यानं फोटो पाठवला : बैठका पांढऱ्याशुभ्र, एकही ठिपका नाही. फक्त एक उशी सुटी होत नव्हती म्हणून बोटीतच राहिली होती, तिचा कोपरा कुरतडलेला. आईला दाखवलं. तिला त्यात काही विशेष वाटलं नाही. सहातली एक गेली तर हिशेब बरोबर, असं तिच्या चेहऱ्यावर होतं; किंवा तसं मला दिसलं.

उरलेल्या पाच वाकळी आता पुन्हा घडवंचीवर आहेत. खाली चार विटा, भिंतीपासून वीतभर अंतर, वर आईचं जुनं सुती लुगडं पांघरलेलं. पावसाळ्यात ऊन पडलं की मी हातातलं काम टाकून त्या माळवदावर नेतो. गबाळ्या दिसतात.

तुमच्याही घरात पिशवीत गाठ मारून ठेवलेली एखादी वाकळ असेल. हे वाचणं इथंच थांबवा आणि आधी ती गाठ सोडा.