यादीबाहेरचे तिघे

आमच्या अब्बांच्या शिलाईच्या दुकानात मशीनच्या वरच्या भिंतीवर दोनच चित्रं होती. एक काबाशरीफचं, जुन्या कॅलेंडरातून कापलेलं. दुसरं मुहम्मद अलीचं, वर्तमानपत्रातून कापून खळीने चिकटवलेलं. खळीमुळे अलीचा एक खांदा फुगला होता आणि पावसाळ्यात तो आणखी फुगायचा. अब्बांना उर्दू वाचता यायचं, मराठी नाही. म्हणून रोज संध्याकाळी मराठी पेपर त्यांना वाचून दाखवणं हे माझं काम होतं. 1974 साली मी सातवीत होतो. 30 ऑक्टोबरला झाईरमधल्या किन्शासा शहरात अलीने आठव्या फेरीत जॉर्ज फोरमनला पाडलं. ती बातमी मी अब्बांना तीनदा वाचून दाखवली. तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर ते उठले, शेजारच्या हॉटेलातून पावशेर पेढे आणले आणि गल्लीत वाटले.

आमच्या गल्लीत मुष्टियुद्धाचे ग्लोव्हज कुणी डोळ्यांनी पाहिलेले नव्हते. आमचा भाग कुस्तीचा. अब्बा स्वतः तरुणपणी तालमीत जायचे. हौद्यातली तांबडी माती, शड्डूचा आवाज, वस्तादांच्या शिव्या, हे आमचं जग. पण अली आमच्या घरचा झाला होता. 1964 साली जगज्जेता झाल्यावर त्याने आपला धर्म आणि आपलं नाव जाहीर केलं. 1967 साली व्हिएतनामच्या युद्धासाठी सैन्यात भरती व्हायला नकार दिला, किताब गमावला, साडेतीन वर्षं त्याला रिंगणाबाहेर बसावं लागलं. 1971 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्याची शिक्षा रद्द केली. सरकारसमोर ताठ उभा राहिलेला आणि तरीही हरला नाही असा एक मुसलमान आम्हाला भिंतीवर हवा होता. तो आम्हाला मिळाला.

हे सगळं मी माझ्या भाच्याला तो लहान असल्यापासून सांगत आलो. निवृत्त शिक्षकाला दुसरं काय काम असतं? पोरगं मांडीवर बसायचं आणि मी किन्शासा रंगवून सांगायचो. त्याचा परिणाम गेल्या वर्षी समोर आला. कॉलेजात गेल्यावर त्याने कुणाला न विचारता बॉक्सिंग क्लबात नाव घातलं. धाकटी बहीण तणतणत माझ्याकडे आली.

"भाईजान, अली के किस्से तुमीच सुनाए उसकू. अब तुमीच समझाओ. मुंह पे मारने का खेल है वो."

बहिणीचा मुद्दा साधा होता आणि माझ्याकडे त्याला उत्तर नव्हतं. भांडणातही चेहऱ्यावर मारू नका, असं हदीसमध्ये स्पष्ट आलं आहे. कुस्तीला आमच्या घरात कधी कुणी विरोध केला नाही, कारण हुजूरांनी रुकाना नावाच्या पहिलवानाशी कुस्ती केल्याची रिवायत आम्ही लहानपणापासून ऐकलेली. कुस्तीत पाठ जमिनीला लागली की संपलं. मुष्टियुद्धात मात्र समोरच्याचं डोकं हेच लक्ष्य असतं. बहीण म्हणते ते धर्माच्या अंगाने खरं आणि वैद्यकाच्या अंगानेही खरं.

भाच्याला बोलावलं. तो तयारीनेच आला होता. त्याने मोबाईलवर मला कॅनास्टोटा दाखवलं. अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यातलं हे लहानसं गाव एकेकाळी कांद्याच्या शेतीसाठी ओळखलं जायचं. तिथल्या एका कांदा पिकवणाऱ्याचा मुलगा, कार्मेन बॅसिलिओ, पन्नासच्या दशकात दोन वजनगटांत जगज्जेता झाला. पुढे 1970 साली त्याचा भाचा बिली बॅकस हाही जगज्जेता झाला. गावाला या मामा-भाच्यांचा सन्मान करायचा होता. त्यातून 1989 साली आंतरराष्ट्रीय बॉक्सिंग हॉल ऑफ फेम उभं राहिलं. 1990 साली पहिल्या मानकऱ्यांची निवड झाली, त्यांत अली होताच. दर वर्षी मुष्टियुद्धावर लिहिणारे पत्रकार आणि या खेळाचे इतिहासकार मतं देतात. तिथे फक्त लढणाऱ्यांनाच नव्हे, तर प्रशिक्षक, पंच, लेखक, डॉक्टर यांनाही जागा आहे. 2021 च्या यादीत अलीची मुलगी लैला अली होती आणि त्याच यादीत डॉ. मार्गारेट गुडमन या डॉक्टरबाईही होत्या.

"मामू," भाचा म्हणाला, "मामा-भाच्यांचंच गाव आहे बघा. तुमच्या हातात मत असतं तर राहिलेल्यांपैकी कुणाला आत घेतलं असतं? तीन नावं सांगा."

त्याला वाटलं, मामू विषयात रमेल आणि आईचा मुद्दा मागे पडेल. मी चार दिवसांची मुदत मागितली. पण ती तीन नावं शोधता शोधता मी या पोराला आजवर काय सांगितलं आणि काय सांगितलं नाही, हे माझ्याच लक्षात येत गेलं.

पहिलं नाव बॅटलिंग सिकी. सेनेगलमधल्या सेंट लुई शहरात 1897 साली एका मुसलमान घरात जन्मलेला हा पोरगा लहानपणीच फ्रान्सला गेला. पहिल्या महायुद्धात फ्रान्सकडून लढला आणि शौर्यपदकं मिळवली. 24 सप्टेंबर 1922 रोजी पॅरिसमध्ये त्याची गाठ जगज्जेत्या जॉर्ज कार्पेंटिएशी पडली. कार्पेंटिए म्हणजे फ्रान्सचा लाडका, देखणा, युद्धवीर. सहाव्या फेरीत सिकीने त्याला आडवं केलं. पंचाने काय करावं? पाय अडकवला असं म्हणून सिकीलाच बाद ठरवलं. प्रेक्षक गोरेच होते, पण त्यांनीच इतका गदारोळ केला की निर्णय फिरवावा लागला. आफ्रिकेच्या मातीत जन्मलेला काळा माणूस जगज्जेता झाला. मग वर्तमानपत्रांनी त्याला माकड म्हटलं, जंगली म्हटलं. तो पॅरिसच्या रस्त्यावर सिंहाचा छावा घेऊन फिरायचा, दारू प्यायचा, हे सगळं खरं आहे. त्याला पाक दामन ठरवायची माझी इच्छा नाही. पुढच्याच वर्षी, 17 मार्च 1923 ला, आयर्लंडमध्ये यादवी युद्ध चालू असताना, सेंट पॅट्रिकच्या सणादिवशी डब्लिनमध्ये त्याला आयरिश माइक मॅकटिगशी लढवलं. वीस फेऱ्यांनंतर गुणांवर किताब गेला. डिसेंबर 1925 मध्ये न्यूयॉर्कच्या रस्त्यावर गोळ्या घालून त्याचा खून झाला. वय अवघं 28. त्याचं शव परक्या मातीत पडून होतं. 1993 साली अवशेष सेनेगलला नेण्यात आले. अलीच्या 42 वर्षं आधी जे शिव्याशाप एका माणसाने खाल्ले, त्याला कांद्याच्या गावात अजून जागा नाही. कार्पेंटिएला मात्र आहे.

दुसरं नाव जिमी यंग, फिलाडेल्फियाचा. याला घ्यायचं म्हणजे मला माझ्या अलीविरुद्ध साक्ष द्यावी लागते. 30 एप्रिल 1976 ला मेरीलँडमधल्या लँडओव्हरला दोघांची पंधरा फेऱ्यांची लढत झाली. अलीचं वजन वाढलेलं, तयारी नाही. यंग त्याच्यासमोर सरकत राहिला, ठोसे चुकवत राहिला, अडचणीत आला की दोऱ्यांबाहेर डोकं काढायचा म्हणजे पंचाला मध्ये पडावं लागे. दिसायला ते काही शोभिवंत नव्हतं. निकाल अलीच्या बाजूने लागला. यंगला न्याय मिळाला नाही, असं म्हणणारे जाणकार आजही आहेत. पुढच्या वर्षी, 17 मार्च 1977 रोजी सॅन हुआनमध्ये यंगने फोरमनला हरवलं, शेवटच्या बाराव्या फेरीत खालीही पाडलं. त्या रात्री कपडे बदलायच्या खोलीत फोरमनला देवाचा साक्षात्कार झाला आणि तो दहा वर्षं खेळ सोडून धर्मोपदेशक झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये केन नॉर्टनशी यंग निसटत्या निकालाने हरला. पुढे त्याच लढतीच्या जोरावर नॉर्टनला एका संघटनेने जगज्जेता घोषित केलं. अली आत आहे, फोरमन आत आहे, नॉर्टन आत आहे. तिघांनाही घाम फोडणारा यंग 2005 साली फिलाडेल्फियात वारला, तोही बाहेरच. अब्बा म्हणायचे, फेटा बांधलेला पहिलवान सगळ्यांना दिसतो. त्याला कुणी झुंजवून झुंजवून तयार केला ते फक्त वस्तादाला ठाऊक असतं.

अलीची ती लढत मी अब्बांना वाचून दाखवली होती का? दाखवलीच असणार. "अली जिंकला" एवढंच वाचलं असणार.

तिसरं नाव मी सर्वात उशिरा लिहिलं. डॉ. फर्डी पाचेको. फ्लॉरिडातल्या टँपाचा, स्पॅनिश बोलणाऱ्या वस्तीत वाढलेला. मायामीत काळ्या गरिबांच्या वस्तीत त्याचा दवाखाना होता आणि अलीच्या कोपऱ्यात तो अनेक वर्षं डॉक्टर म्हणून उभा होता. 29 सप्टेंबर 1977 ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये अलीने एर्नी शेव्हर्सशी पंधरा फेऱ्या केल्या. शेव्हर्सचा ठोसा म्हणजे हातोडा. अली जिंकला. पण नंतरच्या तपासणीत त्याच्या मूत्रपिंडांचं काम बिघडल्याचं दिसलं. पाचेकोने त्या अहवालाच्या प्रती अलीला, त्याच्या बायकोला, त्याच्या व्यवस्थापकाला, प्रशिक्षकाला पाठवल्या. एकाचंही उत्तर आलं नाही. डॉक्टरने अलीचा कोपरा सोडला.

त्यानंतर अली आणखी चारदा लढला. 1978 साली लिऑन स्पिंक्सशी हरला, त्याच वर्षी जिंकला. 2 ऑक्टोबर 1980 रोजी लास वेगासमध्ये लॅरी होम्सने त्याला दहा फेऱ्या बदडलं. शेवटी त्याच्याच कोपऱ्याने लढत थांबवली. तरी डिसेंबर 1981 मध्ये तो बहामात ट्रेव्हर बर्बिकशी उभा राहिला आणि हरला. 1984 साली पार्किन्सनचं निदान झालं. 1996 साली अटलांटा ऑलिंपिकची ज्योत पेटवताना तो थरथरणारा हात आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिला. अब्बा तोवर हयात होते. त्यांनी टीव्ही बंद करायला सांगितला होता.

पाचेको काही वली नव्हता. आधीची कितीतरी वर्षं तोही त्या ठोशांचा साक्षीदार होता, नंतर टीव्हीवर याच खेळाचं समालोचन करून त्याने पैसा मिळवला. 2017 साली तो वारला. पण ज्या दिवशी सगळी दुनिया टाळ्या वाजवत होती, त्या दिवशी "पुरे" म्हणणारा तोच होता. कॅनास्टोटात पुतळे ठोसे मारणाऱ्यांचे असोत, माझं तिसरं मत त्याला.

रविवारी दोघांना समोर बसवून मी ही यादी वाचली. भाचा सिकीवर खूश झाला, यंगवर थोडा नाराज. पाचेकोचं ऐकून मात्र गप्प झाला. हा भाग मी त्याला कधीच सांगितला नव्हता. माझी गोष्ट नेहमी किन्शासाला संपायची.

थोड्या वेळाने तो आईला म्हणाला, "अम्मी, मी फक्त हौशी खेळीन. हेडगार्ड घालून. डॉक्टर थांब म्हणाले की त्या दिवशी थांबीन."

बहिणीने पदर डोक्यावर नीट घेतला आणि विचारलं, "तेरे अली ने सुन्या था क्या?"

आम्हा दोघांपैकी कुणीही बोललं नाही.

शेवटी तोडगा निघाला तो असा. सहा महिने खेळायचं, मग डॉक्टरला दाखवून पुढचं ठरवायचं. आणि दर रविवारी मी क्लबात जाऊन बसायचं. क्लबातल्या पोरांना वाटतं, म्हातारा कौतुकाने येतो. मी मोजायला जातो. भाच्याच्या डोक्यावर किती ठोसे बसले ते वहीत रेघा मारून लिहितो आणि संध्याकाळी बहिणीला आकडा सांगतो. तिने मागितलेली अट ती एवढीच.

मागच्या महिन्यात एका रविवारी त्याची गाठ वजनदार मुलाशी पडली. रेघा खूप झाल्या. पण तो खेळला सुंदर, पायांवर असा नाचला की मला दुकानाच्या भिंतीवरचा तो फुगलेला खांदा आठवला. संध्याकाळी बहिणीचा फोन आला तेव्हा मी अकरा सांगितले. वहीत सतरा होते.

रात्री झोप लागली नाही. पाचेकोने पाठवलेली ती पाकिटं ज्यांच्या हातात पडली असतील, ती माणसंही अलीवर प्रेम करणारीच होती. वाईट माणसं नव्हती. त्यांनीही बहुधा माझ्यासारखंच केलं असणार.

फजरची नमाज झाल्यावर मी बहिणीला फोन लावला. "सतरा होते," म्हटलं. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "ठीक है भाईजान. वही घेऊन या. डॉक्टरकडे आजच जाऊ."