उरलेली पंधरा नाणी

“मामा, एकोणनव्वद रुपये टाक ना. नव्वदसुद्धा नाहीत!” भाचा सुट्टीला आला की हे ठरलेलं. खेळ फुकट, पण बंदुकीला नवं रूप हवं तर पेटी विकत घ्यायची, आणि पेटीत काय निघेल ते नशिबावर. सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून मी खेळलोय, तेव्हा खेळाला पैसे पडतात याचं मला काही वाटत नाही. पण यंदा म्हटलं, आधी कागद-पेन घेऊन बस.

पेटी ६० नाण्यांची. नाणी मात्र ७५ च्या गठ्ठ्यातच मिळतात. उरली १५, आणि १५ मध्ये काहीच येत नाही. “मग ती वाया जाणार ना!” भाचा कळवळला. ती उरावीत म्हणूनच किंमत तशी बेतलीय, हे त्याला पटायला वेळ लागला. मग पडद्याच्या कोपऱ्यातल्या, माहितीच्या बारीक ‘आय’ खुणेवर बोट ठेवलं. त्याला हवं ते रूप निघण्याची शक्यता अर्धा टक्का. “म्हणजे दोनशे पेट्यांत एक नक्की!” दहावीला संभाव्यता शिकलेला मुलगा हा! प्रत्येक पेटी नव्याने फुटते; दोनशे फोडूनही हात रिकामे राहण्याची शक्यता ३७ टक्क्यांच्या आसपास.

त्या रात्री त्याची दोस्तमंडळी हेडफोनवर कंपनीच्या नावाने बोटं मोडत होती. लुटारू, चोर, काय काय. तासाभरात ‘शेवटचे दोन तास’ अशी पाटी झळकली आणि त्यातल्याच बहुतेकांनी पेट्या घेतल्या. (दुसऱ्या दिवशी पाटी तिथेच होती.)

२०१७ मध्ये याहून मोठा गदारोळ मी पाहिलाय. ‘स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २’ हा पूर्ण किमतीचा खेळ, त्यावर पुन्हा पेट्या. डार्थ व्हेडर हे पात्र हवं तर खेळातली ६०,००० क्रेडिट. खेळाची कंपनी ईए, तिने रेडिटवर केलेल्या खुलाशाला साडेसहा लाखांवर नापसंती पडली आणि खेळ बाजारात यायच्या तोंडावर कंपनीने आतली खरेदी तात्पुरती बंद केली. पुढच्या वर्षी बेल्जियमने अशा पेट्या जुगारात जमा केल्या. बॅटलफ्रंटच्या वेळी ओरडा लागू पडला, कारण खेळाची विक्रीच पणाला लागली होती, असं माझं मत. फुकटच्या खेळात ती भीती नाही. तिथे मोजके खर्चिक खेळाडू सगळ्यांचा खर्च भागवतात. धंद्यात त्यांना ‘व्हेल’ म्हणतात. शिव्या देऊन पैसे भरणारा कंपनीच्या लेखी समाधानी गिऱ्हाईकच.

भाच्याला मी शेवटी ठरावीक किमतीचा पास घेऊन दिला. त्यात काय मिळणार ते आधी दिसतं.

आपल्याकडे नोव्हेंबर २०२३ पासून ‘शेवटचे दोन तास’सारखी खोटी घाई दाखवण्यासह १३ फसव्या क्लृप्त्यांना मनाई आहे, आणि ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे १९१५. अशी पाटी दिसली तर स्क्रीनशॉट काढून तक्रार करा. आणि तोवर घरच्या मोबाइलवर प्रत्येक खरेदीला पासवर्ड लावून ठेवा.