पानांची मिटलेली तोंडं

मे महिन्यात डोंबिवलीत भर दुपारी गॅलरीतली तगर मान टाकते आणि ऊन कललं की पुन्हा सावरते, हे तुम्हीही पाहिलं असेल. मी जन्मभर शाळेत मराठी शिकवलं. त्यामागचं विज्ञान मात्र निवृत्तीनंतर, बारावीतल्या नातीकडून समजून घेतलं.

पानावर, बहुधा खालच्या बाजूला, डोळ्यांना न दिसणारी रंध्रं असतात. प्रत्येकाला दोन रक्षक पेशींचे ओठ. पेशींत पाणी भरलं की ते फुगून वाकतात, रंध्र उघडतं. माती सुकू लागली की झाडात अ‍ॅब्सिसिक आम्ल नावाचं संप्रेरक वाढतं. ते पोचलं की रक्षक पेशींतलं पोटॅशियम बाहेर पडतं, त्यामागोमाग पाणी, आणि तोंड बंद! १९६०च्या दशकात कापसाची बोंडं का गळतात हे शोधताना हे आम्ल सापडलं, म्हणून नावही गळण्यावरून पडलं. गंमत म्हणजे बहुतेक झाडांत पानं गाळण्याचं मुख्य काम इथिलीन करतं. बारसं घाईत झालं की असं होतं. असो.

पानफुटीची तऱ्हा वेगळी. ती तोंडं रात्री उघडते आणि आत घेतलेला कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवते. भारतात राहिलेल्या बेंजामिन हाइन या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८१३च्या पत्रात लिहिलं होतं, की अशा झाडाचं पान सकाळी आंबट लागतं, दुपारी बेचव. चाखून पाहणारा माणूस!

हे सगळं ऐकताना मला आमचं माण तालुक्यातलं शेत आठवत राहिलं. १९७२ साली मी बावीस वर्षांची होते. दुपारी ज्वारीच्या पानांच्या सुरळ्या व्हायच्या, पहाटे उलगडायच्या. वडील म्हणायचे, "दम धरून हाय." तोंड मिटलं की पाणी वाचतं, पण हवाही आत येत नाही, मग अन्न कशाचं करणार? ज्वारी तहानेपासून वाचायला उपास काढत होती, हे आता कळतं. पुढे सुरळ्या पहाटेही उलगडेनात. कणसं आलीच नाहीत. दावणीला जनावरं उपाशी होती, तरी वडिलांनी ती शेतात सोडली नाहीत. पावसाअभावी खुरटलेली ज्वारी खाऊन गुरं मरतात, हे त्यांना कुणी पुस्तकातून शिकवलं नव्हतं. नंतर ते दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले, आणि येताना आमच्यासाठी सुकडी आणायचे.