टायर, भार आणि हवा

बऱ्हाणपूरच्या मराठी घरांत केळी, कापूस आणि कापड यांच्यामागोमाग विषय निघतो तो ट्रकचा. तापीकाठची केळी उत्तरेच्या बाजारांत वेळेवर पोहोचलीच पाहिजेत. फळ कुणासाठी पिकायचे थांबत नाही. म्हणून टायर बदलण्याचा प्रसंग आमच्यासारख्या कुटुंबात लग्नकार्याच्या खरेदीइतक्याच गांभीर्याने चर्चिला जातो. खर्च मोठा असतोच. शिवाय चालक व क्लीनर यांचा जीव त्यावर अवलंबून असतो.

यंदा मागच्या चार चाकांची पाळी आली, तेव्हा पहिला प्रश्न उभा राहिला: नायलॉन की रेडियल? नायलॉनच्या टायरात धाग्यांचे थर एकमेकांना तिरके छेदतात. रेडियलमध्ये पोलादी तारा एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरळ आडव्या जातात आणि नक्षीखाली पोलादाचे पट्टे असतात. फ्रान्सच्या मिशेलिन कंपनीने १९४६ साली या रचनेचे पेटंट घेतले. रेडियल कमी तापतो, डिझेल वाचवतो आणि लांबच्या पक्क्या रस्त्यावर अधिक टिकतो. नायलॉन स्वस्त पडतो आणि खाणीच्या खडकाळ वाटेवर कडेला बसणारा मार बरा सोसतो. आमची गाडी असीरगडाखालून इंदूरकडे व तेथून दिल्लीपर्यंत जाते. तेव्हा आम्ही रेडियलला कौल दिला. चारही एकदम घेतले. एका ॲक्सलवर दोन जातींचे टायर नांदत नाहीत आणि जोडचाकांत एक झिजलेला, एक नवा असला की नव्यावरच बहुतेक भार येतो.

दुसरा प्रश्न भाराचा. २०१८ साली केंद्र सरकारने चार टायरांच्या एका ॲक्सलवरील मान्य भार १०.२ टनांवरून ११.५ टनांवर नेला. टायरच्या कडेवर १४६/१४३ असे आकडे असतात. पहिला एकेरी चाकासाठी, दुसरा जोडचाकासाठी. १४३ म्हणजे २,७२५ किलो, अर्थात चार टायरांचे १०,९००. कायदा जेवढे भरू देतो, तेवढे वाहण्याची या टायरांची शक्ती नाही. जोडचाकासाठी १४६, म्हणजे ३,००० किलोचा टायर घेतला की बेरीज १२,००० होते. आम्ही तोच घेतला.

तिसरा प्रश्न हवेचा, आणि वाद झाला तो येथेच. आमच्या वृद्ध चालकांना घरात सारे मामा म्हणतात. ते म्हणाले, "दादा, वैशाखात दोन-चार पौंड हवा कमीच ठेवावी. गरम टायर फुटतो."

"मामा, टायर तापतो तो कमी हवेनेच," आम्ही म्हटले.

निमाडच्या उन्हात दाब वाढतो हे खरे. ११० पौंडांच्या टायरात उष्णता दहा अंशांनी चढली की दाब सुमारे चार पौंडांनी वाढतो. पण कारखान्याने ही वाढ आधीच हिशेबात धरलेली असते. वाटेत हवा सोडली तर टायर अधिक दबतो, त्याची कड प्रत्येक फेऱ्याला अधिक वाकते आणि त्या वाकण्यानेच तो आणखी तापतो. उलट प्रमाणाबाहेर हवा भरली तर मधली नक्षी लवकर झिजते आणि खड्ड्याचा दणका थेट आतल्या तारांना बसतो. भाराप्रमाणे किती हवा हवी, याचा तक्ता कंपनी देते. तोच प्रमाण मानावा.

मामांची दुसरी सवय लोखंडी कांबीने टायर ठोकून आवाज ऐकण्याची. पूर्ण हवा असलेला रेडियलही खाली थोडा फुगलेला दिसतो. तेथे डोळा फसतो आणि कानही फसतो. म्हणून आम्ही एक चांगला गेज घेतला. मामांनी प्रथमच तो आतल्या चाकांना लावला, तेव्हा मागच्या एका जोडीत पंधरा पौंडांचा फरक निघाला. ते काही बोलले नाहीत. गेज मात्र तेव्हापासून त्यांच्या आसनाजवळ असतो.

ज्या वाचकांच्या घरी ट्रक आहे, त्यांना एवढीच विनंती: आठवड्यातून एकदा, सकाळी, गाडी हलण्यापूर्वी, सुट्या चाकासह सारे टायर मोजावेत. या कामाला पाव घटका पुरते.