एम्प्रेस मिलच्या जागेवर

अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर येणारे आपले धम्मबांधव वंदन झाले, पुस्तके घेतली, की गाडी गाठायला स्टेशनकडे निघतात. आम्ही नागपूरकर त्यांना सांगतो, वेळ असेल तर थोडी वाट वाकडी करा आणि गांधीसागर तलावाकडे जा. जुन्या लोकांचा हा जुम्मा तलाव. त्याच्याजवळच एम्प्रेस मिल होती.

जमशेदजी टाटांनी 1 जानेवारी 1877 रोजी ही मिल सुरू केली. त्याच दिवशी दिल्लीत व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर करण्यात आले, म्हणून मिलला हे नाव. सुरुवातीला साधारण 30 हजार चात्या आणि 450 माग होते. जागा दलदलीची. येथील एका सावकाराने कर्ज नाकारले आणि टाटा जमिनीत सोने पुरत आहेत असे तो म्हणाला, अशी गोष्ट सांगतात. पुढे मातीचे सोने झाल्याचे त्यानेच कबूल केले म्हणे. त्या सोन्यात घाम कोणाचा होता, ते मात्र या गोष्टीत येत नाही.

नागपूर भागातले महार पूर्वी जाडेभरडे कापड विणत. गिरण्यांचे स्वस्त कापड आले आणि हातमागाचा तो धंदा बसला. मग तीच माणसे खेडी सोडून मिलच्या गेटवर आली. गावात महारकी होती, जोहार होता. इथे पगार ठरलेल्या तारखेला आणि रोख. इंदोरा, पाचपावली, इमामवाडा या वस्त्या भोंग्यावर उठू लागल्या. बेझनबाग हे नावही मिलचे कारभारी सर बेझनजी मेहता यांच्यावरून पडले. कामगारांसाठी 1886 मध्ये पेन्शन फंड आणि 1901 मध्ये प्रॉव्हिडंट फंड सुरू झाला, हेही सांगितले पाहिजे. त्या काळी असे करणारे मालक फार थोडे होते.

पण गिरणीच्या आतही जात होतीच. मुंबईच्या गिरण्यांत आपल्या माणसांना विणाई खात्यात घेत नसत. धोट्यात नवी कांडी घातली की धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून विटाळ! पगार जास्त विणाईत, आणि ज्यांच्या बापजाद्यांनी माग चालवला त्यांनाच ते दार बंद. 1928 च्या मुंबईच्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न मांडला आणि 1938 च्या मनमाडच्या भाषणातही. व्हाइसरॉयच्या कौन्सिलात ते मजूर खात्याचे मंत्री असताना 1946 मध्ये कायदा होऊन कामाचे तास आठवड्याला 54 वरून 48 झाले. मिलमधल्या बापाला मुलांच्या पाटी-पुस्तकाकडे बघायला त्यामुळेच थोडी सवड मिळाली. पुढे 1956 साली दीक्षेच्या मैदानावर जो जनसमुदाय लोटला, त्यात मिल कामगारांची कुटुंबे होती. वस्त्यांतले विहार, शाळेच्या फिया, मुलींची लग्ने याच पगारातून निघाली.

मग हे बंद कसे पडले? संपामुळे, असे सरसकट म्हणण्याची पद्धत आहे. आम्हाला ते पटत नाही. यंत्रे जुनी झाली आणि ती बदलायला वेळेवर पैसा घातला गेला नाही. पॉवरलूमचे कापड स्वस्त पडू लागले. 1985 च्या वस्त्रोद्योग धोरणाने त्यालाच वाव दिला. 1986 मध्ये मिल टाटांकडून राज्य सरकारच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि 2002 मध्ये कायमची बंद झाली. शहराच्या मध्यावरची जमीन तोवर कापडापेक्षा महाग झाली होती.

चाळिशी-पन्नाशीच्या माणसाला दुसरे काम कोण देणार? कोणी रिक्षा धरली, कोणी भाजीची गाडी लावली, आणि किती तरी घरांत संसार आयाबायांनी धुण्याभांड्याच्या कामावर ओढला.

मिलच्या जागेवर ‘एम्प्रेस सिटी’ नावाचा मॉल उभा राहिला. राणीचे नाव तेवढे राहिले. तिथे जाल तेव्हा मिलमध्ये काम केलेले एखादे आजोबा सोबत घ्या. रिंगखाते कुठे होते, गेट कुठे होते, पाळी सुटल्यावर गर्दी कोणत्या रस्त्याने जायची, हे पोरांना तेच दाखवतील.